मळ्यातलं घर: कुठलं यंत्र ठेवलं, कुठलं परत पाठवलं

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

भावड्याच्या मामेभावाच्या घरातलं 'भूत' यंत्रांनी तपासायचं ठरलं, आणि त्याची बैठक वर्ल्ड कप फायनलच्या दिवशी ठेवली ही चूक माझी. आपल्या २४० धावा झाल्या, मधल्या सुट्टीत भडंग खात अर्धा तास काय ते बोलणं झालं. नंतर हेडनं धुलाई सुरू केली आणि कुणाचंच डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तरी ठरलं तेवढं लिहून ठेवतो.

आम्ही चौघं. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवाल्यांची मोजमापाची यंत्रं कॅलिब्रेट करून देतो. भावड्या लग्नाचं शूटिंग करतो. मॅडम ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. तात्या लाइनमन म्हणून निवृत्त झालेत, अजून खिशात टेस्टर घेऊन फिरतात. भुतावर पूर्ण विश्वास एकट्या भावड्याचा. तात्यांचा अर्धा, तोही दिवस मावळल्यावर.

घर भावड्याच्या मामेभावाचं. पंचगंगेकाठच्या एका गावात, गावठाणाच्या बाहेर, उसाच्या मधोमध. मातीच्या भिंती, कौलं, पुढं सोपा, मधे माजघर, मागं परसू. रात्री जमिनीखालून तीन ठोके येतात. दिवे आपोआप बारीक होतात. आजींच्या खोलीच्या एका कोपऱ्यात गार लागतं, आणि पहाटे छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. माळ्यावर पावलं वाजतात. आजोबा २०२१ च्या महापुरानंतर तीन महिन्यांनी गेले. शेतातून आले की सोप्याच्या उंबऱ्यावर काठी तीनदा आपटायची त्यांची सवय होती. त्यामुळं ठोके कुणाचे, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलेलाच नाही. त्यांना काय पाहिजे, एवढाच प्रश्न आहे.

देवरशी दोनदा येऊन गेलाय. एक कोंबडं आणि पाच हजार. म्हणून पहिला नियम असा: आपण एक रुपया घ्यायचा नाही, अंगारा-उतारा काही सांगायचं नाही, 'घालवून देतो' हा शब्द काढायचा नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत मॅडमनी छापून आणली होती. ती फाइलीत पहिल्या पानावर.

वर्गणी प्रत्येकी चार हजार, एकूण सोळा. भावड्याची यादी भूतशोधाचे व्हिडिओ बघून केलेली: के-टू मीटर, स्पिरिट बॉक्स, रेम पॉड, लेसर ग्रिड, थर्मल कॅमेरा. मी एकच अट घातली. यंत्र नक्की काय मोजतं हे एका वाक्यात सांगायचं, न आलं तर पैसे नाहीत. रेम पॉड तिथंच पडला. तो आपल्याच अँटेनाभोवती क्षेत्र सोडतो आणि त्यात कुणी हात घातला की पेटतो. मांजर गेलं तरी पेटणार. लेसर ग्रिड म्हणजे भिंतीवर हिरवे ठिपके. स्पिरिट बॉक्स भावड्या स्वतःच्या पैशानं घेणार म्हणाला. त्याची मर्जी.

२६ नोव्हेंबर, रविवार

के-टू आला. साडेचार हजार. सोबत माहितीपत्रक नाही, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही, बॉक्सवर मात्र 'आत्मा शोधक' असं छापलेलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, साहेब, बॅटरी घातली की आपोआप शोधतो.

हे यंत्र मुळात वायरिंग आणि घरातली विजेची उपकरणं तपासायला आहे. बदलतं चुंबकीय क्षेत्र मोजतं, म्हणजे आपल्या घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेभोवती असतं ते. पाच दिवे. पहिला नुसतं चालू केलं की लागतो, दुसरा दीड मिलिगॉसला (हे चुंबकीय क्षेत्राचं माप), तिसरा अडीचला, चौथा दहाला, पाचवा वीसला. आकडा दाखवतच नाही. साडेनऊ आणि अडीच त्याला सारखेच.

बाकावर एक सुटी वायर ताणून तिच्यातून एक अँपिअर सोडला. गणितानं एक मीटरवर दोन मिलिगॉस यायला पाहिजेत, अर्ध्या मीटरवर चार. के-टूवर अनुक्रमे दुसरा आणि तिसरा दिवा लागला, म्हणजे यंत्र खोटं नाही. मग फेज आणि न्यूट्रल (प्रवाह जायची आणि परतायची वायर) एकमेकांना चिकटवून धरले तर दिवे विझले. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र मारतात. ही गोष्ट लक्षात ठेवायची, मळ्यात उपयोगी पडणार.

दोष दोन सापडले. आत एकच कॉइल आहे, त्यामुळं यंत्र नुसतं फिरवलं तरी वाचन बदलतं. दुसरं, शेजारी मोबाइल वाजला की पाचही दिवे नाचतात. भावड्यानं तेवढ्यात 'कोणी आहे का?' विचारलं, त्याच क्षणी त्याच्या बायकोचा फोन आला, लाल दिवा पेटला. कोणी आहे हे खरंच होतं.

मोबाइलमधलं 'घोस्ट डिटेक्टर' ॲपही बघितलं. ते ४० मायक्रोटेस्लाच्या (हेही चुंबकीय क्षेत्राचंच माप) आसपास दाखवत होतं. ती पृथ्वी, तिचं स्वतःचं चुंबकत्व. लोखंडी कपाटाजवळ नेलं की ९० च्या वर. ते कपाट.

३ डिसेंबर, रविवार

तापमानाची यंत्रं. भावड्या पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन आला आणि खोलीच्या मध्यावर रोखून 'हवा' मोजायला लागला. हे यंत्र हवा मोजतच नाही. समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतं. लाल ठिपका नुसता नेम धरायला. ह्याचं गुणोत्तर १२:१ आहे, म्हणजे तीन मीटरवरून पंचवीस सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी. पितळी घागरीवर रोखलं तर घागरीचं न सांगता तिच्यात उमटलेल्या भिंतीचं सांगतं. घेतलं नाही. त्याऐवजी दर मिनिटाला हवेचं तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारे चार छोटे लॉगर घेतले. चारही एकाच डब्यात रात्रभर ठेवून एकमेकांशी ताडले. तिसरा ०.४ अंश जास्त दाखवतो, त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं. थर्मल कॅमेरा विकत घेण्याचा प्रश्नच नाही, पॅनेल तपासायला वापरतात तो एका ओळखीच्या कारखान्यातून रविवारपुरता मिळेल.

खरा वाद झाला तो कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर. भावड्याचं म्हणणं, भुताचा आणि गॅसचा काय संबंध? मॅडमनी विल्मरची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतला नेत्रतज्ज्ञ. १९२१ साली त्यानं एका कुटुंबाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. जुन्या मोठ्या घरात राहायला गेल्यावर त्यांना पावलं ऐकू यायला लागली, कुणीतरी जवळ उभं असल्यासारखं वाटायला लागलं, डोकी दुखायची, झाडं मरायची. तळघरातली भट्टी बिघडलेली निघाली, धूर घरात शिरत होता. ह्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट त्याला धरून बसतं. "मळ्यात चूल हाय, बंब हाय, थंडीत शेगडी असणार. मी सांगतो, हे पहिलं घ्यायचं," मॅडम म्हणाल्या. (पुण्याच्या वाचकासाठी: आमच्याकडं बायका 'मी सांगतो'च म्हणतात.) घेतला. २,१०० रुपये. आकडा दाखवणारा, नुसता शिट्टी मारणारा नव्हे.

रेकॉर्डर दोन. आपोआप आवाज वाढवणारी सोय बंद करता येते का, एवढंच बघून घेतले. ती चालू असली की शांत खोलीत यंत्र स्वतःची खरखरच ओढून मोठी करतं, आणि त्या खरखरीत मग वाटेल ते ऐकू येतं.

उरलेल्या पैशात स्टीलचा टेप, खडू, दोरा, चिकटपट्टी, दोन किलो रांगोळी, जाड मोजे. भावड्या हसला. १९३० च्या दशकात इंग्लंडमधलं बोर्ली रेक्टरी हे 'झपाटलेलं' घर गाजवणारा हॅरी प्राइस जवळपास हीच पिशवी घेऊन फिरायचा: पायात नमद्याचे जोडे, टेप, दोरा, शिशाचं सील, आणि जमिनीची थरथर बघायला वाटीभर पारा. पाऱ्याचं काम आता मोबाइल करेल. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं. मोबाइलमधला कंपनाचा सेन्सर उघडून आलेख काढून देतं.

९ डिसेंबर, शनिवार

दिवसाउजेडी पहिली भेट. घराचा नकाशा काढला, प्रत्येक खोलीला खडूनं नंबर दिला. आजी पंच्याहत्तरच्या पुढच्या, कानानं तिखट. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लेकरा, ह्यो टेप कशाला? त्यास्नी मोजणार हाईस व्हय?"

माजघरात के-टू चालू केला आणि तिसरा दिवा लागून राहिला. हलेना, विझेना. भावड्याचे डोळे चमकले. वायरिंग लाकडी पट्टीवरचं जुनं, तरी फेज आणि न्यूट्रल शेजारूनच जात होते, मग क्षेत्र इतकं कसं? तात्यांनी क्लॅम्प मीटर लावला. फेजमध्ये १.१ अँपिअर, न्यूट्रलमध्ये शून्य. गेलेला प्रवाह परत येतोय कुठून?

तात्या परसात गेले आणि दोन मिनिटांत शिव्या ऐकू आल्या. खांबावरून आलेलं न्यूट्रल कधीतरी तुटलं होतं आणि कुणा हुशारानं जमिनीत लोखंडी पहार ठोकून तिलाच न्यूट्रल जोडलं होतं. घरातला सगळा प्रवाह त्या पहारेतून मातीत. जोडीला दुसरी वायर नाही म्हणून क्षेत्र मारलं जात नाही, बाकावर बघितलं तेच. आणि त्या पहारेपासून चार हातांवर म्हैस बांधलेली. माती वाळली की ती पहार आणि भोवतीची जमीन करंट मारणार. "भूत ऱ्हाऊ दे, आधी म्हस हलीव," तात्या मामेभावाला म्हणाले. लाइनमनला फोन करून सोमवारी न्यूट्रल जोडून घ्यायचं ठरलं. पहारेला हात लावायचा नाही असं कोळशानं भिंतीवर लिहिलं.

१२ डिसेंबर, मंगळवार, अमावस्या

अमावस्येचा आग्रह घरच्यांचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामं, पण आलो. न्यूट्रल कालच जोडून झालंय, माजघरात के-टू आता पहिल्याच दिव्यावर.

रात्री १२:४० ला दिवे बारीक झाले. पंखा कण्हायला लागला. वहिनींनी देवाचं नाव घेतलं. तात्यांनी मल्टिमीटर आधीच प्लगमध्ये लावून ठेवला होता: २२६ वरून १७९. खिडकी उघडून ऐका म्हणाले. लांब चारी बाजूंनी मोटारींची घरघर सुरू झालेली. हे घर गावठाणाच्या लाइनवर नाही, शेतीपंपांच्या लाइनवर आहे. रात्रीच्या पाळीची थ्री-फेज, म्हणजे मोटारींची वीज, आली की ऑटोस्विचवाल्या सगळ्या मोटारी पाठोपाठ उचलतात आणि व्होल्टेज खाली बसतं. काही दिवस पाळी दिवसाची, काही दिवस रात्रीची, म्हणून दिवे रोज बारीक होत नाहीत. मामेभाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, मोटारी चालू होतात हे म्हाईत होतं की, पण हे त्याच्यामुळं हे कुणी सांगितलंच न्हाई.

बाकीची रात्र वाया. भावड्या स्पिरिट बॉक्स लावून बसला. हे यंत्र म्हणजे एफएमचे स्टेशन भराभर बदलत राहणारा रेडिओ, बस्स. आकाशवाणी कोल्हापूर आणि टोमॅटो एफएम यांचे तुकडे एकामागोमाग एक. 'आजोबा, तुम्ही आहात का?' वर उत्तर आलं, '...दहा टक्के सूट...'. कुत्रं भुंकलं, तात्या घोरले, माझ्या पोटात गुरगुरलं. ठोके आले नाहीत.

आपल्या चुका: चौघंही बोलत होतो. मोबाइल चालूच होते. कोण कुठल्या खोलीत, कधी गेलं, याची नोंद नाही. पुढच्या वेळी दोघं घरात, दोघं गाडीत. काही आवाज केला, अगदी खोकला आला, तरी तिथंच मोठ्यानं 'मी खोकलो' म्हणायचं, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये कळेल.

१७ डिसेंबर, रविवार

साडेचार तासांचं रेकॉर्डिंग. भावड्याला ०२:१३ ला 'पाणी दे' ऐकू आलं. मॅडमनी त्याला पुढं काही बोलूच दिलं नाही. तेवढा तीन सेकंदांचा तुकडा आणि तसेच दुसरे नऊ, क्रम उलटासुलटा करून, प्रत्येकाला वेगळ्या खोलीत हेडफोनवर ऐकवले आणि कागदावर लिहायला लावलं. 'पाणी दे' च्या तुकड्यावर मी लिहिलं 'दार', तात्यांनी 'काही नाही', मॅडमनी 'बाटली?'. भावड्यानं त्याच तुकड्यावर या वेळी 'आई गं' लिहिलं. आपण काय ऐकलं हे आधी सांगितलं असतं तर चौघांनाही पाणीच ऐकू आलं असतं, याची मला खात्री आहे. १९५९ साली स्वीडनमध्ये युर्गेन्सन नावाचा चित्रकार पक्ष्यांचे आवाज टेप करत होता आणि त्याला टेपवर माणसं बोलताना ऐकू आली, तिथून हा सगळा खेळ गाजला. त्याच्याकडं अशी फिजिक्सची बाई नव्हती.

भावड्या दोन दिवस बोलला नाही. मग मिसळीवर समेट.

२३ डिसेंबर, शनिवार

थर्मल कॅमेरा मिळाला. आजींच्या खोलीतला गार कोपरा कॅमेऱ्यात निळाशार, भिंतीच्या तळापासून हातभर उंचीपर्यंत, बाकी भिंतीपेक्षा चार अंशांनी थंड. हात लावला तर ओल. पलीकडं न्हाणीचं पाणी मुरतं. ओली माती वाळताना थंड होते, माठाचंच तत्त्व. लॉगर सांगतो की तिथली हवा फक्त एका अंशानं कमी, पण त्या भिंतीला पाठ करून बसलं की अंगावर काटा येतो, मलाही आला.

हे शोधून खूश होऊन बसलो होतो आणि ११:२० ला अलार्मवर आकडा दिसायला लागला. २८. मग ४१. आजींच्या खाटेखाली लोखंडी शेगडी, निखारे राखेनं झाकलेले, दार-खिडकी बंद, वर वहिनींनी थंडी येते म्हणून कौलाखालच्या फटीत पोती कोंबलेली. बारा वाजता ७३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७३ भाग हा वायू. हे अलार्म ५० ला साधारण तासा-दीड तासानं ओरडतात, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, म्हणजे आणखी थोडं वाढलं असतं तर ओरडलाच असता. आम्ही थांबलो नाही. आजींना उठवून सोप्यात आणलं, शेगडी अंगणात, दार-खिडकी उघडी. वीस मिनिटांत आकडा गेला.

सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का विचारलं. "थंडीत रोजच दुखतंय की. म्हातारपण हाय." छातीवर कुणीतरी बसतं ते कशानं, हे मी लिहिणार नाही. झोपेतून अर्धवट जाग आली की तसं अनेकांना होतं, ह्या गॅसशिवायही. शेगडी खोलीतून बाहेर गेल्यावर कमी होतं का, हे वहिनींनी महिनाभर कॅलेंडरवर खूण करून बघायचं. पोती काढली. आजींना दोन घोंगड्या जास्त.

येताना गाडीत कुणी बोललं नाही. भावड्या शिरोली नाक्यावर म्हणाला, "ते मशीन एकवीसशेचं व्हतं न्हवं?"

३० डिसेंबर, शनिवार

माळ्यावरची पावलं. रांगोळी चाळणीनं पातळ पसरली, दोरा गुडघ्याच्या उंचीला बांधला, भावड्याचा नाइट कॅमेरा लावला. पहिल्या अर्ध्या तासाच्या चित्रणात पांढरे गोळे तरंगताना दिसले. ती धूळ: दिवे लेन्सला चिकटूनच असले की जवळचा कण उजळून गोळ्याएवढा दिसतो. इन्फ्रारेडचा दिवा वेगळा काढून मीटरभर बाजूला ठेवला, गोळे गायब. रात्री तीनला उदमांजर. पाच बोटांचे ठसे रांगोळीत, दोरा जसाच्या तसा, खालून गेलं. कौलाच्या तुटक्या जागेतून येतं आणि आंबोळीसारखं पसरून झोपतं. आजी म्हणाल्या, त्ये तर म्हाईत हाय, त्ये कवापासनं हाय. मग आम्हाला सांगितलं का नाही? "तुमी इचारलंच न्हाई."

६ जानेवारी २०२४, शनिवार

आले. रात्री १:५२.

मी आणि मॅडम घरात, मोबाइल बंद, एक फायफॉक्ससाठी विमान मोडवर माजघराच्या जमिनीवर, दोन रेकॉर्डर दोन टोकांना. आधी दिवे एकदम उजळले. मग जमिनीतून 'धप्'. कानापेक्षा तळपायाला जास्त कळला. मग दुसरा, हलका. मग तिसरा, असेल-नसेल असा. मॅडमचा हात माझ्या मनगटावर होता आणि माझा कशावर होता ते आठवत नाही. इतके दिवस यंत्रांवर भाषणं देणारा माणूस, पण तिसऱ्या ठोक्याला मानेवरचे केस उभे राहिले हे खरं आहे आणि ते नोंदीत यायला पाहिजे.

आजी सोप्यात जाग्याच होत्या. "आलं बघ," एवढंच म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

रेकॉर्डिंगवर आवाज जेमतेम. फायफॉक्सच्या आलेखावर मात्र तीन नव्हे, पाच टोकं स्पष्ट, शेवटची दोन कानाला न कळणारी. अंतरं मोजली: ४.६, ४.७, ४.६, ४.६ सेकंद. माणूस काठी आपटताना इतका नेम धरत नाही. आणि प्रत्येक टोक आधीच्यापेक्षा साधारण त्याच प्रमाणात बुटकं. हे कुठल्यातरी लांब वस्तूत मागं-पुढं होणाऱ्या लाटेचं काम.

मॅडमना टँडी आठवला. हा इंग्लंडातला इंजिनिअर. एका प्रयोगशाळेत त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची, आणि शिकंजात धरलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरायला लागलं. नवा बसवलेला पंखा कानाला ऐकू येणार नाही इतक्या खोल, १९ हर्ट्झच्या आसपास घुमत होता. १९९८ मध्ये त्यानं ते छापलं. पण तो सततचा घुमारा. हे ठोके आहेत, तेही दिवे उजळल्यावरच.

दिवे उजळले म्हणजे मोटारी बंद पडल्या. थ्री-फेज ट्रिप झाली, म्हणजे तुटली; घराची एक फेज तेवढी चालू राहिली.

१४ जानेवारी, रविवार

तात्यांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितला आणि विचारलं, "परसातनं संस्थेचा नळ गेलाय काय रं?"

गेलाय. गावच्या पाणीपुरवठा संस्थेची उपसा योजना. नदीवर जॅकवेल (पंप बसवलेली विहीर), तिथून लोखंडी नळ घराच्या मागच्या भिंतीला लागून, पार माळावरच्या टाकीपर्यंत. भिंतीपासून दोन हात, जमिनीत तीन फूट. पंप चालू असताना नळात पाण्याचा लांबलचक खांब पळत असतो. थ्री-फेज गेली की पंप थांबतो, पाणी उलटं फिरतं आणि पंपाजवळचा उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आपटून मिटतो. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरनं जरी एकदम तुटला तरी लोखंडी नळात दाब चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या आसपास उसळतो. रशियाच्या झुकोव्हस्कीनं १८९८ मध्ये हे गणित मांडलं. ती उसळी लाट होऊन टाकीकडं धावते, तिथून उलटते, व्हॉल्व्हवर येऊन परत उलटते. नळाची लांबी चार वेळा कापली की पुन्हा तसाच धक्का.

पाण्याच्या खांबातून लाट सेकंदाला साधारण हजार मीटर जाते. ४.६ सेकंद म्हणजे ४,६०० मीटर, भागिले चार, ११५० मीटर. नळ एवढा लांब असला पाहिजे. कागदावर लिहून घडी घालून खिशात ठेवला आणि मग पंप चालवणाऱ्या काकांकडं गेलो. त्यांना आधी आकडा सांगितला नाही. वही काढून त्यांनी वाचलं: जॅकवेल ते टाकी ३,८०० फूट. म्हणजे ११५८ मीटर. मॅडमनी कागद उघडून दाखवला तेव्हा काका म्हणाले, एवढ्यासाठी तुमी रात्रभर जागला? मला इचारायचं की.

वहीत ट्रिपच्या वेळाही आहेत. ६ तारखेच्या रात्री, १:५०. त्यांचं घड्याळ दोन मिनिटं मागं, आम्ही ताडून बघितलं.

आणि आधी ठोके का नव्हते? नळावर घराजवळच हवेचा व्हॉल्व्ह आहे, तो धक्का थोडा खातो. २०२१ च्या महापुरात त्याचा चेंबर गाळानं बुजला. अजून तसाच आहे. महापूर जुलैत, आजोबा ऑक्टोबरात गेले.

भावड्याला हे सगळं पटलं, तरी टाकीवरून खाली येताना तो मागंच राहिला होता.

२१ जानेवारी, रविवार

मामेभावाला लेखी पाहिजे होतं. 'ह्या घरात काही नाही' असं, शिक्क्यासह. धाकट्या भावाचं लग्न जुळत नाही, पाहुण्यांच्या कानावर गेलंय. मी नाही म्हटलं. माझ्या कामात सर्टिफिकेटवर एवढंच लिहितात: कुठल्या तारखेला, कुठल्या यंत्रानं, काय वाचन आलं. 'काही नाही' मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. तो चिडला. मग मॅडमनी समोर बसून एक पान लिहिलं: न्यूट्रल, व्होल्टेज, ओल, शेगडी, उदमांजर, नळ. प्रत्येकासमोर तारीख आणि आकडा. खाली एक ओळ अशी: 'तंबाखूचा वास: आजींना तीनदा, मॅडमना एकदा (२३ डिसेंबर, सोपा), इतरांना नाही. घरात कुणी तंबाखू खात नाही. मोजलं नाही.' मामेभाऊ म्हणाला ही ओळ खोडा. मॅडम म्हणाल्या, मी खोडणार न्हाई.

आजींनी पान वाचून घेतलं, दोनदा. शेगडीचं ऐकताना मान हलवली. महिना झाला, कॅलेंडरवर छातीच्या खुणा चार, डोकेदुखीची एकही नाही. नळाचं ऐकल्यावर विचारलं, "म्हंजे चेंबर साफ केला की वाजायचं थांबंल?"

थांबेल, बहुतेक.

"कवा करत्यात?"

संस्थेच्या सभेत विषय ठेवलाय, मार्चात.

"बरं," म्हणाल्या, आणि वहिनींना तांबडा रस्सा वाढायला सांगितला.

हिशेब: के-टू ठेवला, पण वायरिंग बघायला. बॅटरी काढून ठेवायची, गळते. स्पिरिट बॉक्स भावड्यानं भाच्याला दिला, तो त्यावर गाणी ऐकतो. लॉगर क्रमांक ३ पुन्हा ताडायचा. दोरा संपला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजींच्या खोलीत खुंटीवर लावून आलो, परत मागायचा नाही. आपल्यासाठी दुसरा घ्यायचा, २,१०० रुपये, पुढच्या वर्गणीतून.